कावळदऱ्याचं वळण आणि अण्णांच्या लाल चिंध्या

ऐका. आणि अण्णा, आज तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही. दहा वर्षं तुमच्याच तोंडून कावळदऱ्याची हडळ ऐकतोय आम्ही. आज मी सांगणार. शेकोटीत दोन लाकडं सारा आणि गप्प बसा.

तर, गेल्या पौषातली गोष्ट. मी आणि हे माझे चुलते, हेच अण्णा, अंधार पडल्यावर तालुक्याहून निघालो. गाडी अण्णांची, जुनी पेट्रोलची पिकअप. चालवायला अण्णाच. मला देतात होय! मागे खोक्यांत चारशे पिल्लं, त्याच दिवशी अंड्यातून निघालेली. माझ्या पोल्ट्रीची पहिली खेप. कॉलेज करून कोंबड्या पाळते म्हणून तुम्ही सगळे हसत होतात, आठवतंय ना? या पिल्लांना ऊब लागते. वेळेत शेडमधल्या बल्बखाली पोहोचली नाहीत, तर गारठून मेलीच म्हणून समजा.

गाडी चढाला लागली आणि तिचे चाळे सुरू झाले. आधी धापा टाकायला लागली. मग मागे काळा धूर. इतका, की आरशात रस्ता दिसेना! मग वास. पेट्रोलचा, डोकं भणभणेल असा.

"आली," अण्णा पुटपुटले.

"कोण?"

"नाव घेऊ नये."

कावळदऱ्याचं वळण आलं. तुम्ही सगळे काय करता तिथे? अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढता आणि हात जोडता. अण्णांनीही जोडले. दोन्ही हात! स्टिअरिंग सोडून! आणि गाडी फट् करून बंद.

अंधार. बोचरा वारा. मागे पिल्लांचा कलकलाट. अण्णांनी किल्ली फिरवली. एकदा. दोनदा. दहादा! इंजिन नुसतं कण्हतंय. आणि मग, हे नीट ऐका, मागचा कलकलाट कमी व्हायला लागला. हळूहळू. हळूहळू.

"उतरा अण्णा, बॉनेट उघडू."

"इथे रात्री बॉनेट उघडू नये."

"का?"

"उघडू नये म्हणजे नये!"

बघा! यांना 'का' विचारलं की हे असं. मीच उघडलं. वास येतोय म्हणजे पेट्रोल पोहोचतंय. पान्यानं एक प्लग काढला. काळाकुट्ट, वर ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक, म्हणजे हवेची झडप, बघितला, तो उघडाच. मग हवा अडली कुठे? टॉर्च धरून हवेच्या नळीत हात घातला आणि किंचाळले! आत काहीतरी लाल, मऊ, गच्च भरलेलं!

चिंध्या.

"हात लावू नकोस," अण्णा म्हणाले, "देवीच्या आहेत. बाधा होऊ नये म्हणून, गाडी इथे बंद पडली की दुसऱ्या दिवशी उजेडी एक कोंबतो."

"आणि पहिल्यांदा कशानं बंद पडली होती?"

अण्णांनी डोकं खाजवलं.

"तेव्हा पेट्रोल संपलं होतं."

हसा, हसा! मला तेव्हा हसू आलं नाही. गाडीचं नाक दाबून धरलेलं, आणि हे गृहस्थ दर खेपेला आणखी दाबत होते! पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असेपर्यंत बिचारी रडतखडत चालायची. पाय काढला की गुदमरायची. आणि पाय काढायचा कुठे? नमस्काराला, त्याच वळणावर!

मी चिंध्या उपसायला लागले.

"ती तुला सोडायची नाही!" अण्णा ओरडले.

"पिल्लं मेली तर मी तुम्हाला सोडायची नाही!"

चारही प्लग पुसून बसवले. मीच स्टिअरिंगवर बसले. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली मारली. घर्र... घर्र... काळा लोट उठला आणि गाडी सुरू! मुद्दाम पाय काढला. तरी चालूच, मांजरीसारखी गुरगुरत.

"कुठाय तुमची हडळ?" मी म्हटलं.

तेवढ्यात मागे, त्या धुरात, कुणीतरी खोकलं. बाई खोकली. घसा फाटेस्तोवर.

"तू खोकलीस?" अण्णांनी विचारलं.

"मी तर तुमच्या शेजारी बसलेय."

आणि मागच्या फाळक्यावर थाप बसली. धाड! सगळी गाडी हादरली. आयुष्यभर मला 'हळू चालव' सांगणारे अण्णा ओरडले, "पळव गं पोरी, पळव!" मी जी सोडली, ती थेट शेडच्या दारात.

खोकी बल्बखाली ठेवली. झाकणं काढली. सगळी निपचित. अण्णा आणि मी उकिडवे बसून बघतोय. मग एक म्हणालं, "चिव." मग दुसरं. मग असा गोंधळ, की अण्णा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. धूर गेला म्हणे डोळ्यांत!

फाळक्याला पोचा आहे. उद्या उजेडी बघून घ्या, पाच बोटं मोजता येतात. तेव्हा ऐका. रात्री कावळदऱ्यानं जाऊ नका, आणि गाडी काळा धूर ओकत असेल तर मुळीच नको. त्या बाईनं कुणाची गाडी बंद पाडली नव्हती. इतकी वर्षं तुमचा धूर मात्र तिनं खाल्लाय, आणि आता ती चिडलीय.