माझ्या वर्षाची बाटली

...आणि वर गावातले लोक मलाच विचारतात, ‘‘काय एर्सिलियाबाई, चव कशी होती?’’ मला! पाववाला विचारतो, औषधवाला विचारतो, आणि गेल्या रविवारी तर पाद्रीबुवांनी माझ्या जिभेवर पवित्र भाकर ठेवता ठेवता भुवया उंचावून विचारलं! आता काय उत्तर द्यायचं? तुम्हीच ऐका आणि तुम्हीच ठरवा.

तुम्हाला सांगते, इटलीतल्या मोन्ताल्चीनोच्या या टेकडीवर ब्रुनेल्लो, म्हणजे आमची तांबडी वाइन, करणारी घराणी पुष्कळ आहेत, त्यांतली काही चांगलीही आहेत, मी कोणाला नावं ठेवत नाही... पण आमच्या ‘ला सोर्बा’च्या मळ्यातली ब्रुनेल्लो ती ब्रुनेल्लो! का? तर आमच्याकडे वाइन अजून आजोबांच्या वेळच्या पिंपांत निजते. पिंपं म्हणजे कशी? खोलीएवढी! खालच्या बाजूला मांजरासाठी केली आहेत असं वाटावं, एवढी दारं. लहानपणी मी त्यांतून आत सरपटत जाऊन ती घासलेली आहेत आणि बाहेर येताना दर वेळी कोपर सोललेलं आहे. त्या पिंपांत वाइन वर्षानुवर्षं पडून राहणार, मग बाटलीत पडून राहणार, आणि गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं राहिलं, की आमचे बाबा टोपी मागे सारून म्हणणार, ‘‘घाई कसली आहे?’’

हे त्यांचं वाक्य! द्राक्षं तोडायला शेजारच्यांनी सुरुवात केली, तरी हे बांधावर उभे... घाई कसली आहे? माझा जन्मही ऐन तोडणीतला. आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, माणूस धावत सांगायला आला, तर बाबा म्हणाले, ‘‘एवढं पिंप भरू दे, घाई कसली आहे?’’ आईने ते अजून माफ केलेलं नाही. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, आई नव्वदीच्या पुढे पोचली, तरी नाही!

तर त्या वर्षाची, म्हणजे माझ्या वर्षाची, वाइन. बाबांच्या हातची सर्वांत उत्तम, असं अख्खी टेकडी म्हणते. तिच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. बाकीच्या कुठे गेल्या? प्यायलो? छे! आमच्याकडे भर घालण्याची रीत आहे ना! बूच कितीही घट्ट असलं तरी बाटली श्वास घेते, वाइनची पातळी मानेवरून खांद्यावर उतरते. मग काही वर्षांनी सगळ्या बाटल्या उघडायच्या, त्यांतली एक बळी द्यायची, तिची वाइन बाकीच्यांत भरायची आणि नवं बूच ठोकायचं. आलं लक्षात? सत्तर वर्षं आमच्या घरातली ती वाइन वाइननेच प्यायली! माणसांच्या वाट्याला थेंब आला नाही.

मला एकदा, फक्त एकदा, ती चाखायची होती. आपल्याबरोबर जन्मलेली आहे, आपल्याबरोबर म्हातारी झालेली आहे. ती कशी झाली आहे हे बघावंसं वाटणारच की नाही?

आता यात आमचे बंधुराज आले. उबाल्दो. धाकटा, हुशार, आणि दिवसातून तीनदा कुठेतरी निघालेला. त्याला जुनी पिंपं काढून टाकायची होती. फ्लॉरेन्सच्या कोणा हॉटेलवाल्याला त्यांच्या फळ्यांची जेवणाची टेबलं करायची होती! ज्या लाकडात ब्रुनेल्लो निजली, त्याच्यावर लोक सूप सांडणार! मी म्हटलं, ‘‘उबाल्दो, बाबा बघताहेत.’’ तो म्हणाला, ‘‘बघू देत की! ताई, लोकांना आज वाइन हवी आहे, आज! पुढच्या पिढीत नको!’’

मळा आईच्या नावावर, म्हणून आम्ही दोघंही आईकडे गेलो. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘एर्सिलियाच्या वर्षाची बाटली उघडा. जिवंत असली तर पिंपं राहतील. मेली असली तर घेऊन जा तुझी टेबलं. आणि आता मला सोलू द्या.’’

झालं! फेब्रुवारीतली दुपार ठरली. बाहेर उत्तरेचा वारा खिडक्या खडखडवतो आहे, स्वयंपाकघरात चूल पेटलेली आहे, टेबलावर पांढरं कापड, त्याच्यावर दोन्ही बाटल्या, आणि आई खुर्चीत डुलकी घेते आहे. उबाल्दोने वाइन खांद्याखाली उतरलेली बाटली उचलली आणि स्क्रू फिरवला... बूच मधोमध तुटलं! मी म्हटलं, ‘‘हळू, घाई कसली आहे?’’ तो म्हणाला, ‘‘ताई, तू बाबांसारखं बोलू नकोस, उरलेलं बूच आत जातंय!’’

शेवटी वाइन पेल्यात आली. जुन्या कौलासारखा रंग. उबाल्दोने पेल्यात नाक घातलं, आणि तुम्हाला सांगते, त्याचा चेहरा उजळला, हो, उजळला! ‘‘गेली!’’ म्हणाला. ‘‘बंद कपाटाचा वास येतोय.’’ त्याची बायको नोर्मा, तिने हुंगलं. ‘‘कपाटाचा कुठला? कपाटात ओले बूट ठेवल्याचा येतोय. वन्सं, रागावू नका हं.’’ मी हुंगलं. काय सांगू... बूटच होते. पण मी हार मानते की काय? मी म्हटलं, ‘‘सत्तर वर्षं कोंडलेल्या माणसाला दार उघडल्याबरोबर तू गाणं म्हणायला सांगतोस? जरा श्वास घेऊ दे तिला!’’ तो फोन काढून हॉटेलवाल्याचा नंबर शोधायला लागलेला! मी फोन काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला.

बसलो. वारा, चूल आणि आईचं घोरणं. आणि मग... मग हळूच टेबलावरून एक वास उठला. आधी वाळलेल्या चेरीचा. मग चुलीवर टाकलेल्या संत्र्याच्या सालीचा. मग, खरं सांगते, बाबांच्या कोटाच्या खिशाचा, ज्यात तंबाखू आणि द्राक्षवेल छाटायची कात्री एकत्र असायची! नोर्मा म्हणाली, ‘‘अगंबाई!’’ उबाल्दोने पुन्हा पेल्यात नाक घातलं. आईचं घोरणं थांबलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, ‘‘तो आला का?’’

माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! जिवंत! माझ्या वर्षाची, बाबांच्या हातची, आमच्या पिंपांतली... जिवंत!

आता कोणीही शहाण्या माणसाने पेला उचलला असता. पण मी ला सोर्बाची मुलगी! रीतीप्रमाणे दुसरीचंही बूच मी आधीच काढून ठेवलेलं. तिच्यात भर घालायची होती. आणि बाबांचा नियम होता, की बूच बसवणाऱ्याने आधी प्यायची नाही, हात हलतो. घरात बूच नीट बसवता येतं ते मला. मी दुसरी बाटली उचलली, तिच्यात दोन बोटं भर घातली आणि बूच बसवायचं यंत्र तळघरात म्हणून खाली गेले. बूच बसवलं. जरा तिरपं बसलं. तिरपं बूच मी ठेवीन? काढलं. पुन्हा बसवलं. वरून लाख ओतली. एका बाजूला ओघळ आला. ओघळ आलेली बाटली, बाबांच्या फडताळावर? खरवडली. पुन्हा ओतली. वरून हाका चालूच होत्या. ‘‘ताई, ये गं!’’ ‘‘वन्सं, येताय ना?’’ मी खालूनच ओरडले... काय ओरडले असेन, सांगा बरं?

‘‘घाई कसली आहे?’’

वर आले. बाटली आडवी पडलेली. उबाल्दो रुमालात तोंड खुपसून रडत होता. ‘‘ताई, नाही विकत गं पिंपं! एकही फळी नाही विकत!’’ नोर्माचे गाल लाल. आणि आई! आईच्या पुढ्यात बदामाच्या कडक बिस्किटांची रिकामी बशी. बुडवून खाल्ली होती! टेकडीवरची सर्वांत उत्तम ब्रुनेल्लो आईने बिस्किटं बुडवून संपवली होती!

‘‘आई! माझ्यासाठी?’’

आईने बाटली उजेडाला धरली. तळाशी काळा गाळ. ‘‘बाई गं,’’ ती म्हणाली, ‘‘हाका कमी मारल्या का? तू थेट बापावर गेली आहेस. कळा आल्या तेव्हा तोही असाच आला नाही.’’ मग तिने ओठ पुसले, जरा विचार केला आणि निकाल दिला, ‘‘तशी अजून थोडी कच्चीच होती. दुसरी राहू दे.’’

राहू दिली. पिंपं जागच्या जागी आहेत, माझी मान ताठ आहे. खाली फडताळावर माझी एकुलती एक बाटली आडवी निजली आहे. बूच सरळ, लाख गुळगुळीत, संबंध तळघरात तशी दुसरी नाही. भर घालायला आता जोडीदारीण उरली नाही, म्हणून उघडायची सोय नाही. आणि आई आहे तोवर हिंमत नाही.

म्हणून कोणी चव विचारली, की मी शाल सावरते, हनुवटी वर करते आणि जाणकारासारखं सांगते, ‘‘अजून थोडी कच्ची आहे.’’