फ्रीजमधला रिकामा कप्पा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आज रक्तपेढीतून निवृत्त होणाऱ्या मुख्य परिचारिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, आणि हातातला मोबाइल न सोडता टाळ्या वाजवण्याची कला साधलेल्या बंधुभगिनींनो,

बाईंच्या निरोपाची पोस्ट सकाळपासून फिरते आहे. आमच्या रक्तपेढीच्या फोनवरही ती येऊन पोहोचली. नवल नाही. ‘रक्ताची तातडीने गरज, पुढे पाठवा’ हेसुद्धा तुम्ही आम्हालाच पाठवता. अहो, ते आम्हीच लिहिलेलं असतं!

गेल्या महिन्यात एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. गट दुर्मीळ, फ्रीजमधला त्याचा कप्पा रिकामा. आम्ही ग्रुपवर टाकलं. क्षणात अंगठे, जोडलेले हात, लाल बदाम, नुसता पाऊस! अध्यक्ष महाराज, पहिला अंगठा आपलाच होता. गटही आपला तोच, नाही का? आम्ही दार सताड उघडं टाकून बसलो. आलं कोण? पाण्याचे जार देणारा.

माझे जावईबापूही त्याच गटाचे. फोन केला, तर म्हणतात, “आई, एवढ्या लोकांनी अंगठे दिलेत, तिथे रांग लागली असेल. उगाच गर्दी कशाला?” झालं! प्रत्येकाने दुसऱ्याची गर्दी टाळली. एक बोट दाबलं की कर्तव्य केल्याचा ढेकर येतो, मग चपला कोण घालतो? त्यापेक्षा चार घरांची दारं वाजवली असती, तर एखादा लाजेकाजेस्तव तरी आला असता.

बाईंचाही गट तोच, पण वय पाहून आम्हीच त्यांना अडवत होतो. शेवटी त्यांनी बाही वर केली. मी सुई हातात घेऊन डोळे पुसायला लागले, तर म्हणाल्या, “टोच गं, रडतेस काय! रांगेत माझ्यापुढे कुणी नाही, तेवढंच बरं.”

बाळंतीण वाचली. तुम्हा सगळ्यांचा मला तेव्हा फार राग आला होता. अजूनही आहे.

उद्यापासून बाई नाहीत आणि कप्पा अजून रिकामाच आहे. भेटवस्तू नको, असं त्यांनी बजावलंय. बाहेर आमची रक्तदानाची गाडी उभी आहे, आणि चहाचं टेबल मी मुद्दाम गाडीच्या पलीकडे मांडलंय.

आपण आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. तोंडाने जास्त बोलले असेन तर पोटात घाला. अध्यक्ष महाराज, आता आपण उठा आणि पुढे व्हा. मागच्या ओळीत माझे जावईबापू बसलेत, त्यांना एकदा खरीखुरी रांग दिसू द्या.