बादलीतली गोळी

(थोरला भाऊ बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये, हात क्रेन चालवायच्या दांड्यावर; धाकटा खाली, भार उतरवताना त्याला इशारे द्यायला. दोघांकडे वॉकीटॉकी. डबा वर-खाली करायला दोरीला बांधलेली बादली.)

धाकटा: सावकाश... अजून खाली... अजून... थांब! दादा, थांब! दांडा सोड, सोड!

थोरला: सोडला.

धाकटा: आता सोडलास! सळ्यांचा भारा पार भिंतीपर्यंत झोका खाऊन आला. माणसं जीव घेऊन पळाली, दिसली का?

थोरला: दिसली. वारा होता.

धाकटा: वारा? कठड्यावर कुणीतरी शर्ट वाळत घातलाय, त्याची बाहीसुद्धा हलत नाहीये.

थोरला: वर असतो वारा. बाजूला हो, टेकवतो.

धाकटा: टेकला. पट्टे काढले. आता तीन नंबरच्या चॅनेलवर ये. इथे मुकादम कान टवकारून बसलाय.

थोरला: आलो. लवकर बोल, पुढचा भारा तयार आहे.

धाकटा: बोटं आखडली ना दांड्यावर?

थोरला: मुंग्या आल्या जरा.

धाकटा: मुंग्या आल्या की हात ढिला पडतो. तुझा सुटतच नव्हता. मी ओरडतोय आणि तू आपला धरून बसलायस.

थोरला: झालं आता. बरा आहे हात.

धाकटा: आणि डोळा?

थोरला: डोळ्याचं काय?

धाकटा: पापणी फडफडते म्हणालास ना वहिनीला.

थोरला: उजवी आहे. उजवा डोळा लवला की चांगलं होतं म्हणतात. कधीपासून लवतोय, चांगलं कुठे अडकलंय देव जाणे. बरं, ते सोड. आज डब्याबरोबर गोळी का नाही पाठवलीस? बादली उलटी करून बघितली. छातीत नुसता जाळ झालाय.

धाकटा: सांगतो. आधी हे सांग, वहिनीनं मॅग्नेशियमची पावडर आणली होती, ती घेतोस?

थोरला: घेतो की.

धाकटा: दादा.

थोरला: घेतली होती. पोट असं सुटलं की विचारू नकोस. इथे वर संडास आहे का? लघवीचं रिकाम्या बाटलीवर भागतं, बाकीचं काय? शिडी उतरेपर्यंत माझी काय दशा झाली असती? दिली टाकून.

धाकटा: आणि पाणी? बाटली रोज भरलेलीच परत येते.

थोरला: तेच कारण. तू काय चौकशी समिती आहेस का?

धाकटा: सकाळी प्रथमोपचाराच्या खोलीत गेलो होतो. तुझं नाव नाही घेतलं. एका मित्राला असं असं होतं म्हटलं. पायात गोळे येतात, बोटं आखडतात, पापणी उडते, झोप नाही.

थोरला: कुणी सांगितलं होतं तुला नाक खुपसायला?

धाकटा: ऐक तर. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, स्नायू आवळतो तसा परत सैलही पडावा लागतो आणि त्यासाठी अंगात मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की आवळलेलं सुटत नाही. मग म्हणाल्या, तुमचा मित्र ॲसिडिटीची गोळी घेतो का रोज?

थोरला: त्याचा काय संबंध?

धाकटा: मलाही तसंच वाटलं. म्हटलं, हो, कित्येक वर्षं, एक दिवस खाडा नाही. तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्या गोळ्या फार काळ घेतल्या की काहींच्या आतड्यांत मॅग्नेशियम नीट मुरतच नाही. हळूहळू आटत जातं. डॉक्टरांनी किती दिवसांसाठी दिली होती?

थोरला: थोड्या दिवसांसाठी. पण बरं वाटायचं. आणि बादलीत रोज असायचीच.

धाकटा: असायचीच. डब्याच्या झाकणाखाली. त्यांनी पुढे विचारलं, कोण आणून देतं त्यांना? दादा, मीच बांधून पाठवत होतो रे रोज. वर एकटा बसतोस, जळजळ नको म्हणून.

थोरला: वेडा आहेस का? प्रेमानं पाठवायचास. मी काय कुकुलं बाळ होतो? गिळत होतो मीच ना.

धाकटा: आज हात धजला नाही. तसं एकदम बंद करायला सिस्टर नको म्हणाल्या होत्या. डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून. पण माझ्यानं ती झाकणाखाली ठेववेना.

थोरला: बरं. रविवारी बघू डॉक्टरांकडे. भोपळ्याच्या बिया खातो, शेंगदाणे खातो, पालेभाजी ओरपतो, झालं समाधान? चल, भारा बांध.

धाकटा: आज. आत्ता उतर.

थोरला: नाही.

धाकटा: त्या म्हणाल्या, फार कमी झालं तर काळजाचे ठोकेही चुकतात. तुझे चुकतात?

थोरला: कधीकधी. शिडी चढताना. तुझ्या वहिनीला सांगू नकोस.

धाकटा: मग उतर की रे बाबा!

थोरला: तुला कळत नाही. भर कामातून उतरलो की का उतरलो विचारणार. हात आखडतो म्हटलं की संपलं. परत या शिडीला हात लावू देणार नाहीत. मला जमिनीवरचं काय येतं? खाली येऊन काय करू, गेटवर बसून गाड्यांना सलाम ठोकू?

धाकटा: हे भरून निघतं, सिस्टर म्हणाल्या. वेळेत बघितलं तर.

थोरला: आणि नाही निघालं तर? तुझं काय जातंय बोलायला. मला भीती वाटते. बास? भारा बांध.

धाकटा: बांधला. आणि मी इथेच उभा राहतो.

थोरला: कुठे?

धाकटा: हुकाखाली. दिसतोय ना पिवळं हेल्मेट? उचल आता.

थोरला: बाजूला हो.

धाकटा: का? हात बरा आहे ना?

थोरला: चेष्टा पुरे. बाजूला हो म्हणतोय!

धाकटा: मघाशी माणसं होती तिथे. त्यांना कुणी विचारलं नाही. मला तरी विचार. उचलतोस?

थोरला: हलू नकोस. काहीच उचलत नाहीये मी. पट्टे काढ भाऱ्याचे.

धाकटा: काढले.

थोरला: रिकामा हुक वर घेतला. इंजिन बंद केलं. बादली सोडतोय, डबा आहे त्यात. पाण्याची बाटली राहू दे माझ्याकडे, पितो थोडं.

धाकटा: मुकादमाला मी सांगतो.

थोरला: तू नाही. मी सांगेन. खरं तेच सांगेन. तू फक्त तिथे उभा राहा, मला दिसशील असा.

धाकटा: उभा आहे. शिडीच्या प्रत्येक टप्प्यावर कमरेचा पट्टा अडकव. बोटं आखडली तर तिथेच बस, कसली घाई नाही.

थोरला: पहिला टप्पा. बसलोय. पोटरीत गोळा आलाय.

धाकटा: बस. चोळ जरा.

थोरला: इतकी वर्षं तुझा हात बघून भार उतरवले. आज स्वतःलाच उतरवायचंय बघ.

धाकटा: गेला गोळा?

थोरला: गेला. वॉकीटॉकी कमरेला लावतोय, दोन्ही हात लागतील. तू बोलत राहा.

धाकटा: सावकाश... अजून खाली... अजून... हां, असंच.