लेखावरचं पहिलं नाव

अरे, माझ्या त्या धाविक पक्ष्याच्या लेखाचं पुढं काय झालं, ते सांगायचंच राहिलं. सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी तो लिहिला होता. धाविक उघड्या माळावर अंडी घालतो आणि मला ती कधीच दिसायची नाहीत. सांगोल्याचे मेंढपाळ बिरूमामा मात्र लांबूनच सांगायचे, "सर, पाय जपून टाका की, म्होरं अंडी हायत." म्हणून लेखावर पहिलं नाव मामांचं घातलं, मग माझं, मग आमच्या विभागातल्या मॅडमचं.

लेख आपल्याकडच्या एका छोट्या निसर्गविषयक नियतकालिकात आला. त्यानंतर कित्येक वर्षं कुणी त्याचा साधा संदर्भही दिला नाही. प्राचार्य दरवर्षी विचारायचे आणि मी दरवर्षी मान खाली घालायचो.

गेल्या महिन्यात एका परदेशी संशोधकानं आपल्या लेखात आमच्या लेखाचा संदर्भ दिला. मला इतका आनंद झाला की ते पान छापून घेऊन मी थेट सांगोला गाठलं.

"मामा, तुमचं नाव परदेशात छापून आलंय."

"आन तुमचं?"

"पहिलंच नाव लिहायची पद्धत आहे. बाकीच्यांना नुसतं 'आणि इतर' म्हणतात."

मी नाव दाखवलं, तसं मामांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं. मग शेजारच्या शब्दांवर ठेवून विचारलं, "आन ह्ये तुमी व्हय?"

"होय."

मामांना माझं फार वाईट वाटलं. घराकडं वळून त्यांनी मामींना हाक मारली, "आगं, इतर आल्यात. च्या टाक, साखर जरा जास्त घाल."