वहीचं पान

वेंडेल : एक पान, ऑगी. एवढ्या जाडजूड वहीतलं एक पान! फाडलंत तर कुणाला कळणार आहे?

ऑगी : मला कळेल. आणि बूट खाली घे आधी. ते टेबल पोरांचे घोटे बांधायचं आहे, चिखल पुसायचं नाही.

वेंडेल : सव्वातीन वाजलेत. पाऊण तासाने माझा हंगाम संपतोय, आणि तुम्हाला टेबलाची पडलीये!

ऑगी : एकतीस वर्षं या क्लबात पट्ट्या बांधतोय मी. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हंगाम संपतोच. टेबल मात्र तेच आहे.

वेंडेल : अहो, नियम असा आहे की...

ऑगी : नियम मला नको शिकवूस. जखमींच्या यादीत नाव गेलं की माणूस खेळायचा बंद. मग ज्या दिवशी तो सरावाला उतरेल, त्या दिवसापासून एकवीस दिवस मोजायचे. एकविसाव्या दिवशी चारच्या आत क्लबने संघात घेतलं तर घेतलं, नाहीतर ‘अजून बरा नाही’ असं लिहून वर्ष संपेपर्यंत यादीतच. आज एकविसावा. बरोबर?

वेंडेल : बरोबर. पण मी सरावाला उतरलोच कुठे? माझ्या जागी आणलेला तो टकर त्या दिवशी तापाने फणफणला होता. ओरिनला किक मारायला वाकून पायांमधून मागे चेंडू द्यायला कुणीच नाही. बिचारा मैदानात खांबासारखा उभा! मी आपला घरच्या बुटांवर गेलो. हेल्मेट नाही, काही नाही, डोक्यावर बायकोने विणलेली टोपी. अकरा चेंडू दिले फक्त. याला काय सराव म्हणतात?

ऑगी : मैदानात जायच्या आधी कुठे आला होतास?

वेंडेल : इथे.

ऑगी : हात पुढे केलास. मी बोट बांधलं. बांधलं की मी वहीत काय लिहितो?

वेंडेल : नाव. हात की पाय ते. आणि कशासाठी.

ऑगी : वेंडेल प्रुइट. उजवा हात. सराव. एकतीस वर्षांची सवय आहे, पेन आपोआप चालतं. ते पान बघून वरच्या मजल्यावरच्या ऑफिसने त्याच संध्याकाळी लीगला कळवून टाकलं की गडी सरावाला लागला. तुला सांगितलं नाही, मलाही नाही.

वेंडेल : मला आज कळलं! तेही धोबीखात्यातल्या म्हाताऱ्याकडून. ‘काय रे, आज तुझा शेवटचा दिवस ना’ म्हणतो. मी म्हटलं, कसला शेवटचा? मी आपला समजत होतो, अजून मोजायला सुरुवातच झाली नाही. ऑगी, ‘दुखतंय म्हणून’ असं लिहिलं असतंत तर काय हात झिजला असता तुमचा?

ऑगी : दुखत होतं?

वेंडेल : नाही.

ऑगी : मग?

वेंडेल : मग काय मग! माणसासाठी वही असते की वहीसाठी माणूस?

ऑगी : हे बघ. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. बायकोने दिलेला पेपरोनी पाव सकाळपासून तसाच पडलाय डब्यात. पण वहीचं पान मी फाडत नाही. एक फाडलं की बाकीच्या सगळ्या पानांची किंमत गेली. उद्या कुणाचा गुडघा गेला आणि क्लब म्हणाला, आमच्याकडे गेलाच नाही, तर त्या पोराच्या बाजूने बोलणार कोण? ही वहीच ना?

वेंडेल : चौतीस पुरी होतील मला मार्चमध्ये. पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही. एकदा यादीतच वर्ष गेलं की लोक धरून चालतात, हा संपला. बारा वर्षं, ऑगी! बारा वर्षं जगाकडे दोन पायांमधून बघत चेंडू मागे फेकला. माझं नाव कुणाला माहीत नाही, कारण एकदाही चुकला नाही. चुकला असता तर गावभर झालं असतं.

ऑगी : म्हणून पान फाडायचं आणि अजून एकवीस दिवस मागायचे. कशाला?

वेंडेल : हात बरा व्हायला.

ऑगी : हात बरा नाहीये?

वेंडेल : ...कुणी तसं म्हणालं नाही अजून.

ऑगी : घे हे. मूठ दाब. जोर लाव, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!

वेंडेल : राहू दे. ते जोर मोजायचं यंत्र खोटं दाखवतं.

ऑगी : ऑक्टोबरात हाड मोडलं तेव्हा त्याच यंत्राने चाळीस पौंड दाखवले होते. तेव्हा खरं वाटलं तुला. दाब.

वेंडेल : ...किती?

ऑगी : एकशे अठरा. आता डावा... एकशे पंधरा. मोडका हात धडक्या हातापेक्षा वरचढ आहे. मूर्खा, तुला दिवस नकोयत. तुला हिंमत हवीय.

वेंडेल : परत दाबू?

ऑगी : नको. लिहून झालं.

(दार उघडून या अमेरिकन फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक स्टॅनहोप आत येतात. कोटाच्या खांद्यांवर बर्फ, हातात एक कागद.)

स्टॅनहोप : अरे वा, दोघंही इथेच! वेंडेल, बेटा, तुलाच शोधत होतो. बस, बस. हात कसा आहे?

वेंडेल : झकास आहे, साहेब.

स्टॅनहोप : छान. पण घाई नको. आपण एक कुटुंब आहोत, कुटुंबातल्या माणसाला कुणी घाईने मैदानात ढकलत नाही. इथे सही कर. हाड अजून पुरतं जुळलेलं नाही, एवढंच लिहिलंय. यंदा आराम कर. आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या पोरांना चेंडू द्यायला शिकव, मी शब्द देतो.

वेंडेल : शब्द कागदावर आहे का?

स्टॅनहोप : कागदावर कसा असेल? शब्द आहे तो.

वेंडेल : माझं हाड तेवढं कागदावर, आणि तुमचा शब्द हवेत.

स्टॅनहोप : चिडू नकोस. ऑगी, तुम्ही समजवा याला. आणि डॉक्टरांच्या सहीआधी तुमचा आकडा लागतो. किती धरायचा? सत्तर-पंच्याहत्तर?

ऑगी : एकशे अठरा.

स्टॅनहोप : मी गेल्या महिन्याचा नाही विचारत.

ऑगी : मीही नाही सांगत. दहा मिनिटांपूर्वीचा आहे. शाई ओली आहे अजून, बोट लावून बघा.

स्टॅनहोप : एकदा यंत्राची चूक होऊ शकते.

ऑगी : मागच्या सोमवारी एकशे सोळा. त्याच्या मागच्या सोमवारी एकशे नऊ. यंत्राला दर आठवड्याला तीच चूक करायची सवय लागलेली दिसते.

स्टॅनहोप : ऑगी, निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?

ऑगी : दोन वर्षं. आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते मी लक्षात ठेवीन.

वेंडेल : साहेब, मीच सांगू का, हा कागद कशासाठी आहे? गेल्या रविवारी टोलेडो संघाच्या चेंडू देणाऱ्याला स्ट्रेचरवरून नेलं. अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्यांना माणूस हवाय, आणि या रविवारी ते इथेच येतायत आपल्याशी खेळायला. मला संघात घ्यायचं तर टकरला काढावं लागेल. आणि तो तर तुमची स्वतःची निवड! आपला तो बाब्या. मला सोडायचं तर टोलेडोवाले उचलतील. म्हणून धडधाकट माणूस जखमींच्या यादीत झाकून ठेवायचा.

स्टॅनहोप : टोलेडोवाल्यांनी तुला फोन केला?

वेंडेल : कुणी कुत्र्याने केला नाही.

स्टॅनहोप : मग कुणी सांगितलं, ते तुला घेतील? चौतिशीला टेकलेला, हात मोडलेला माणूस! तिथे गेलास आणि त्यांनी विचारलं नाही, तर? इथे निदान तुझं नाव भिंतीवर तरी आहे.

वेंडेल : कुठल्या भिंतीवर? कपाटावरची पाटी ऑक्टोबरातच काढलीत. टकरचा टॉवेल लटकतोय तिथे. संघाबरोबर विमानात नाही, रविवारी मैदानाकडेला उभं राहायचं नाही. मी टोपी घालून वरच्या रांगेत बसून सामने बघितले, साहेब. शेजारचा माणूस मला म्हणाला, ‘हा नवा पोरगा बरा आहे, आधीचा कोण होता रे?’ मी म्हटलं, आठवत नाही.

ऑगी : हे तू मला सांगितलं नाहीस.

वेंडेल : काय सांगायचं त्यात!

स्टॅनहोप : मी तुझ्या भल्याचं बोलतोय.

वेंडेल : माझं भलं मी बघतो. नियम साधा आहे. दुखापत नसेल तर यादीत ठेवता येत नाही. खेळवा, नाहीतर सोडा. तिसरा रस्ता हवा असेल तर माझी सही लागते, आणि सही मिळणार नाही. मोडलेल्या हाताने मिळाली असती. बऱ्या झालेल्या हाताने नाही.

स्टॅनहोप : आणि मी सहीशिवायच कागद पाठवला तर?

वेंडेल : तर मी खेळाडूंच्या संघटनेत तक्रार करीन. लवादापुढे ही वही ठेवीन. बघू कुणाचं खरं ठरतं.

स्टॅनहोप : वही क्लबची मालमत्ता आहे.

ऑगी : घेऊन जा की. पण पान नंबर बघून घ्या. एक ते दोनशे चाळीस, सगळी छापील आहेत. एक जरी कमी झालं, तर का झालं ते सांगायला लवादापुढे मी जाईन. स्वखर्चाने. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, स्टॅनहोप.

स्टॅनहोप : तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? रविवारी हा माणूस समोरच्या बाजूला उभा असेल. आपल्या साऱ्या खुणा याला पाठ आहेत!

ऑगी : मग घ्या ना संघात.

स्टॅनहोप : टकरला काढून? माझं नाक कापून घेऊ? जगाने हसावं माझ्यावर?

वेंडेल : वीस मिनिटं आहेत, साहेब. फोन तुमच्या खिशात आहे.

स्टॅनहोप : ठीक आहे. सोडलं तुला. आत्ता कळवतो लीगला. किल्ली, ओळखपत्र, डावांची वही, सगळं खालच्या खिडकीत देऊन जा. आणि टोलेडोने विचारलं नाही तर माझ्या दारात येऊ नकोस.

वेंडेल : नाही येणार. दार लोटून घ्या, बर्फ आत येतोय.

ऑगी : ...गेला. जिन्यात फोनवर ओरडतोय. बस खाली, टेबल घट्ट धरून उभा आहेस तू.

वेंडेल : टेबल हलतंय, म्हणून धरलंय.

ऑगी : एकतीस वर्षांत हललं नाही ते.

वेंडेल : ऑगी, मी काय करून बसलो? उद्या दुपारपर्यंत कुणी उचललं नाही तर?

ऑगी : तर घरी जाशील. पण स्वतःच्या पायाने जाशील. इथल्या खुंटीला टांगलेला राहणार नाहीस.

वेंडेल : बायकोला काय सांगू?

ऑगी : एकशे अठरा सांग.

वेंडेल : तुमच्या मागे लागेल तो आता. दोन वर्षं छळेल.

ऑगी : छळू दे. त्याचाच घोटा मुरगळला होता मागच्या डिसेंबरात, पायऱ्यांवर. कुणी बांधला? इकडे बघ. टोलेडोला पट्ट्या बांधणारा कोण आहे, ठाऊक आहे?

वेंडेल : नाही.

ऑगी : मलाही नाही. नवीन लोक सरळ गोल गुंडाळतात आणि मोकळे होतात. तसं बांधलं तर तुझी करंगळी बधिर होईल, चेंडू डावीकडे जाईल. अनामिकेच्या खालून घ्यायचं, तळव्यावरून तिरपं, मनगटाला एकच फेरा. थांब, लिहून देतो. तुझ्या डोक्यात राहायचं नाही.

वेंडेल : रविवारी तुमच्याच संघाविरुद्ध खेळणार आहे मी.

ऑगी : माहितीये. म्हणून काय वाकडं बांधू द्यायचं? धर हे. घडी घालू नकोस, चित्र काढलंय मधे.

वेंडेल : ऑगी... वहीचं पान फाडलंत तुम्ही.

ऑगी : मागचं कोरं होतं, त्याला नंबर नाही. हात पुढे कर, एकदा बांधून दाखवतो.