बयजाची ओवी

मंडळी, एक सांगा मला. देवाला कुठलं गाणं पोचतं? मृदंगावरचं की चुलीपुढचं? टाळ धरून बसलात ना? बरं, मग ऐका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. तिथं केरबा गुरव. शंकराची पूजा करायचा आणि पदं रचायचा. पदंही कशी? निर्गुण, निराकार, परात्पर! ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही — म्हणून माना जास्त डोलायच्या! हसताय काय? तुम्हीही डोलावता की!

त्याची बायको बयजा. तिच्या तोंडी सदा ओवी. पाण्याला निघाली की —

पाण्याला गेले बाई, घागर भरे गळ्यापाशी
बगळ्यांची रांग गेली, माझ्या डोईच्या आकाशी

आणि भाकरी थापताना?

भाकरी फुगली बाई, तव्यावरी चांदोबा
पहिली वाढीन त्याला, माझा रुसका केरोबा

शेजारणी खुदुखुदु हसायच्या. केरबा लाजून लाल! "अगं, गुरवाची बायको तू! गाई-बगळ्यांची गाणी कसली गातेस? त्यात देवाचं नाव तरी आहे का?"

बयजा म्हणायची, "अहो, मला दिसतं ते मी गाते."

एका सकाळी ती ढवळी गाईची धार काढत होती. गाता गाता ओवी मध्येच तुटली. केरबा धावला. बयजा जमिनीवर आडवी, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा! तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "जिवावरचं टळलं. पण वाचा येईल की नाही, सांगता येत नाही."

घरी आणली. ती उंबऱ्याशी बसून राही. ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही, डोळ्यांतनं नुसतं पाणी. केरबानं देवापुढं बसून आपली सगळी पदं म्हटली. गाभारा घुमला. घर मात्र मुकंच!

इकडे ढवळीनं पान्हा चोरला. केरबा धारेला बसला की लाथ! चुचकारलं, पेंड घातली — पुन्हा लाथ! चरवी कलंडली. केरबा शेणातच बसला. आणि त्याच्या ध्यानात आलं — हिला बयजाची ओवी हवी आहे!

पण ओवी कोण गाणार? हाच! इकडं तिकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि…

ढवळे गं बाई माझे, पान्हा सोड धारोधार…

मंडळी, इतकी वर्षं ज्या गाण्यांना त्यानं नाकं मुरडली, ती त्याला येत होती! न ऐकताही आत जाऊन बसली होती! पण पुढची ओळ? आठवेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडला. रडू फुटलं त्याला.

तेवढ्यात उंबऱ्यावरनं —

तुझ्या वासराचा आधी, मागून माझा अधिकार…

जड जिभेनं. पण सुरात! केरबाच्या अंगावर काटा! मान वळवायची हिंमत होईना — भास असला तर? ढवळीनं मात्र कान टवकारले, आणि चरवीत धार वाजली!

मग वळला. बयजा बसली होती. वाकड्या ओठांत हसू. आणि ती गात होती — कधी न गायलेली, त्याच घटकेला सुचलेली ओवी!

सूर ह्याचा वाकडा गं, शब्द ह्याचा अडखळे
जीव लावून गातो बाई, पान्हा सोड गं ढवळे

केरबानं तिचे पाय धरले. "अहो, हे काय!" असं तिला म्हणायचं होतं, पण तेवढं बोलता येईना. म्हणून तेही तिनं गाऊनच सांगितलं!

डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. बोलणं अडतं, गाणं वाट काढतं." पुढं कितीतरी महिने ती पाणीसुद्धा गाऊन मागायची. हळूहळू बोलायलाही लागली. आणि केरबा? आरती झाली की भर देवळात तिच्या ओव्या म्हणायचा. कोणी विचारलं, "गुरव, यात देव कुठं आहे?" तर म्हणायचा, "यात नाही तो कुठं, ते तुम्हीच दाखवा!"

तर मंडळी, आता उठाल, टाळ खाली ठेवाल, घरी जाल. तिथं कोणीतरी भांडी घासत गुणगुणत असेल. आई असेल, बायको असेल. तुम्ही काय कराल? "जेवायला वाढ" म्हणाल? नाही! दारातच थांबा. पायताणं काढा. आणि ऐका — तिची ओळ पुरी होईपर्यंत!