खोली खाली करून घ्यायला गेलो

घरमालक होणं सोपं न्हाई, गड्यांनो. शिक्रापुरात मी एक खोली बांधली आन् कंपनीतल्या एका ऑपरेटरला भाड्यानं दिली. माणूस भारी कटकट्या. रोज आमच्या न्हावऱ्यातल्या दुकानात फोन करून मला बोलावून घ्यायचा. शेवटी वैतागलो. खोली खाली करा, असं तोंडावर सांगायचं ठरवून न्हावऱ्याहून एसटीनं गेलो.

दारातच तो म्हणाला, "बरं झालं आलात. पत्रा गळतोय, शिडी लावलीय."

त्याच्या बायकोनं चहा दिला, मग माझी जीभच उचलेना. मुकाट्यानं वर चढलो आन् डांबर लावायला लागलो.

खालून शेजारीण त्याला म्हणाली, "मिस्त्री कुठला हो?"

"न्हावऱ्याचा हाय. बोलावलं की येतो."

"मामा, आमच्याकडं कवा येता?"

मी वरूनच म्हणालो, "रविवारी."